‘सोप्या इस्त्री’चा हिशेब

धुण्याच्या पावडरीने मळ काढावा आणि हात सोलवटू नयेत, एवढीच गृहिणीची एकेकाळी अपेक्षा असे. आता पाकिटांवरील आश्वासनांची यादी लांबत चालली असून ‘इस्त्री सोपी होते’ हेही आश्वासन तिच्यात येऊन बसले आहे. महागाई आणि बेकारीचे प्रश्न समोर असताना परीटघडीची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारीलही. परंतु ज्या घरात महिन्याचा किराणा मोजूनमापून भरला जातो, तेथे अशा एका शब्दापोटी जादा पैसे मोजले जातात. आणि जे श्रम हलके होतील म्हणून सांगितले जाते, ते बहुतेक घरांत स्त्रीचे असतात. तेव्हा या शब्दात तथ्य किती, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

सुती कापडाला सुरकुती पडते ती का, हे आधी समजून घ्यावयास हवे. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्यांना परस्परांशी जखडून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्यात सैल होतात आणि कपडा वाळताना, तो जसा चुरगळलेला असेल तशाच स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणजे सुरकुती ही मळाप्रमाणे बाहेरून चिकटलेली वस्तू नव्हे. ती तंतूच्या घडणीतच बसलेली असते. इस्त्री याच्या नेमके उलट करते. ओलावा आणि उष्णता यांनी बंध सैल करावयाचे, दाबाने कापड सपाट करावयाचे आणि त्याच अवस्थेत ते कोरडे होऊ द्यावयाचे. मळ काढणाऱ्या रसायनाला या घडामोडीत काही स्थानच नाही.

मग उत्पादक करतात काय? तंतूंना गुळगुळीत करणारे एखादे द्रव्य ते पावडरीत मिसळतात. कोणी त्यासाठी बेंटोनाइट जातीची बारीक माती वापरतो, कोणी सिलिकोन, तर कोणी कापडावरील बारीक लव खाऊन टाकणारे सेल्युलेज हे विकर. या द्रव्यांनी घर्षण थोडे कमी होते, इस्त्री अधिक सहज सरकते आणि सूत सुतावरून घसरू शकल्याने काही चुण्या सौम्य पडतात. एवढा परिणाम खरा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. कापड मऊ करणारी नेहमीची रसायने धनभारित असतात आणि मळ काढणारी प्रामुख्याने ऋणभारित. दोन्ही एकत्र आली की एकमेकांना निकामी करतात. म्हणूनच मऊपणाचे वेगळे द्रावण अखेरच्या पाण्यात घालावयास सांगितले जाते. ते नित्य वापरले तर टॉवेल पाणी नीट टिपेनासा होतो, ही गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही! शिवाय आपल्याकडे असंख्य घरांत धुणे अजून हातानेच होते. कपडा तीन-चार पाण्यांतून खळबळून काढून घट्ट पिळला, की पिळ्यातून पडणाऱ्या सुरकुत्यांपुढे या गुळगुळीतपणाची मातब्बरी ती किती उरणार?

इस्त्रीचे काम खरोखर कमी झाले ते साबणामुळे नव्हे, कापडामुळे. टेरीकॉट आले आणि मध्यमवर्गाची इस्त्री निम्म्यावर आली. सुती कापडाच्या साखळ्या राळेने कायमच्या जोडून सुरकुती टाळण्याची प्रक्रियाही निघाली; मात्र तिच्यामुळे कापड कमकुवत होते आणि तिच्यातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड हा वायू गिरणीकामगाराच्या छातीत जातो. जो कपडा मुळातच फारसा चुरगळत नाही, तो कोणत्याही पावडरीत धुतला तरी त्याची इस्त्री सोपीच असणार. त्याचे श्रेय पावडरीने घेऊ नये.

खरी मेख ‘सोपी’ या शब्दात आहे. कशाहून सोपी? किती? कोणत्या कापडाची, यंत्रात धुतलेल्या की हाताने पिळलेल्या? ही तुलना अर्धीच केलेली आहे आणि गिऱ्हाइकाने उरलेली अर्धी आपल्या मनाने भरून घ्यावी, अशी योजना आहे. याचे मोजमाप करता येत नाही, असेही नाही. धुतलेल्या कापडाचा सपाटपणा ठरविण्यासाठी वस्त्रतज्ज्ञ १ ते ५ श्रेणींचे प्रमाणित नमुने वापरतात. धुतलेला कपडा त्यांच्याशेजारी धरून कोणीही प्रशिक्षित माणूस त्याची श्रेणी सांगू शकतो. तो आकडा पाकिटावर छापावयास अडचण कोणती?

कायदाही या बाबतीत मुका नाही. योग्य चाचणीवाचून वस्तूच्या गुणाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे मक्तेदारी नियंत्रण कायद्यात १९८४ साली घालण्यात आले. चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार हमी देणाऱ्यावर टाकण्यात आला. हे तत्त्व २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कायम आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वस्तुनिष्ठ रीतीने पडताळता येण्याजोग्या दाव्यांना पुरावा देता आला पाहिजे. ‘सोपी’ हा शब्द निवडला जातो तो याचसाठी. तो पडताळण्याच्या कक्षेत येतही नाही आणि खप तर वाढवितो. तेव्हा तुलनेचे दोन्ही बाजूंचे आकडे दिल्यावाचून असा तुलनादर्शक शब्द छापता येऊ नये, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरावी.

श्रमांची गोष्ट याहून वेगळी नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटे भरते. कोणत्या पाकिटाने यातली किती मिनिटे वाचणार? त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने वीज वाचविण्यासाठी आपल्या कर्मचाऱ्यांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून येण्याचे आवाहन केले होते. खादीच्या सदऱ्याला कडक इस्त्री लागतेच, असे मानणाऱ्या सार्वजनिक कार्यकर्त्यांना हे थोडे जड जाईल. ज्यांना इस्त्री हवीच आहे, त्यांच्यासाठी जुना उपाय आहे: कपडा पिळून झाला की झटकावा, कडा ओढून सरळ वाळत घालावा आणि किंचित दमट असतानाच इस्त्रीला घ्यावा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, ज्याची मजुरी नगावर ठरते आणि ज्याला प्रत्येक मिनिटाची किंमत ठाऊक असते, तोही कोरड्या कपड्यावर आधी साधे पाणीच शिंपडतो.