खुडणीवरच्या मावशींनाही मैदान हवे

गेल्या महिन्यात दोंडाईचातल्या एका सेवाभावी क्लबच्या बैठकीचे मला बोलावणे आले. पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी क्रीडा स्पर्धा घ्यायची होती. चालणे, धावणे, गोळाफेक, बॅडमिंटन, कॅरम असे पाच-सहा प्रकार ठरत होते. मी अनेक वर्षे नर्स होते, म्हणून प्रथमोपचाराचे टेबल सांभाळावे एवढीच अपेक्षा होती.

कल्पना चांगली आहे, हे आधी सांगते. वय झाले की देवळाच्या नाहीतर विहाराच्या पायरीवर बसायचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. जगात मात्र १९८५ पासून वर्ल्ड मास्टर्स गेम्स भरतात. पंजाबच्या मान कौर यांनी वयाच्या ९३ व्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये, १०१ व्या वर्षी, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक घेतले. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये दर पाच वर्षांचा वेगळा वयोगट असतो. सत्तरीच्या बाईला पन्नाशीच्या बाईशी धावावे लागत नाही.

बैठक दीड तास चालली. टी-शर्टचा रंग, पदके, प्रमुख पाहुणे, बॅनर. प्रवेश शुल्क ३०० रुपये. मी विचारले, "मिरची खुडणाऱ्या बायका यात येतील का?" एक सद्गृहस्थ मनापासून म्हणाले, "ताई, त्या दिवसभर राबतात. त्यांना वेगळ्या व्यायामाची काय गरज?"

या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे, कारण असेच आपल्या घरातही बोलले जाते.

राबणे म्हणजे व्यायाम नव्हे. खुडणीवरची बाई सात-आठ तास एकाच बैठकीत असते. चालतात ती फक्त बोटे. गुडघे आखडतात, कंबर धरते, मिरचीच्या धुळीने खोकला लागतो. हमालाचे उलट असते. त्याच्या पाठीवर ओझे असते आणि विश्रांती त्याच्या हातात नसते. कामाचे कष्ट आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचा हृदयाला होणारा फायदा सारखा नसतो, असे युरोपातल्या काही संशोधकांचे अभ्यास सांगतात. व्यायामात शरीर थकते, मग त्याला सावरायला वेळ मिळतो. मजुरीत तो मिळत नाही.

माझी आई खुडणीवर जायची. बासष्टाव्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा अंथरुणावरून उठली नाही. आयुष्यभर राबलेल्या त्या शरीराला तोल सांभाळायची सवय कोणी लावली नव्हती. मी नर्स असून मीही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा आणि पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे. याला पैसा लागत नाही.

बारामतीच्या लता करे तुम्हाला आठवत असतील. साठी ओलांडलेली ही मजूर बाई २०१४ मध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. टाळ्या मीही वाजवल्या. पण त्या धावल्या नवऱ्याच्या तपासणीच्या खर्चासाठी. म्हातारपणी बाईने मैदानात उतरावे ते आनंदासाठी, औषधपाण्याच्या पैशासाठी नव्हे.

म्हणून क्लबपुढे मी चार गोष्टी ठेवल्या. मजुरांना प्रवेश शुल्क नको. स्पर्धा थंडीत, सकाळी लवकर आणि मजुरी बुडणार नाही अशा दिवशी घ्या. 'भरभर चालणे' आणि 'खुर्चीवरून उठणे' हे प्रकार ठेवा. आणि महिनाभर आधी प्रत्येकाचे बीपी, शुगर, हिमोग्लोबिन तपासा. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, तिथे नेण्याचे काम मी करीन. निर्णय पुढच्या बैठकीत आहे. टी-शर्टचा खर्च कमी केला तर हे सहज बसते, असे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, तेव्हा जरा धीर आला.

क्लब काय ठरवेल ते ठरवो. आपण थांबायचे कशाला? रविवारी विहारात जमतोच, तिथल्या अंगणात अर्धा तास चालू या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, पायाची जखम त्यांना कळत नाही. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

परवा शेजारच्या मावशींना हे सांगितले, तर त्या हसून म्हणाल्या, "आते काय पयसू मी, माय?" मी म्हटले, पळू नका, चाला. दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. बाबासाहेब १९३७ मध्ये तिथे राहिले होते. दम लागतो म्हणून खालीच बसून राहणाऱ्या मावशी मी दरवर्षी पाहते. येत्या यात्रेला त्यातल्या दोघी जरी वरपर्यंत आल्या, तरी मला पदक मिळाले असे मी समजेन.