सात घासांत दोन जिल्हे

हल्ली पर्यटकांसाठी चवींची सफर नावाचा एक प्रकार निघाला आहे. दीड-दोन तासांत त्या भागातल्या पाच-सात पदार्थांची नुसती चव द्यायची आणि सोबतच्या वाटाड्याने चार शब्द सांगायचे. कल्पना मला आवडली. खायचं ते पोट भरायला नाही, ओळख व्हायला.

पण आपल्या सातारा-सांगलीची ओळख बहुतेक वेळा कशी करून देतात? कंदी पेढा, स्ट्रॉबेरी क्रीम, भडंग आणि शेवटी ‘झणझणीत कोल्हापुरी’ थाळी! साताऱ्यात उतरलेल्या पाहुण्याला कोल्हापुरी वाढणं म्हणजे घरच्या मुलाची ओळख शेजाऱ्याच्या नावाने करून देणं. शेजारी कितीही गुणी असला म्हणून काय झालं?

माझं म्हणणं असं, की या सफरीचा क्रम पावसाने ठरवावा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटरवर म्हसवड. तिथे तो ५०० च्या आसपास. जिल्हा तोच! सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडच्या माण-खटावला, सांगलीकडे आटपाडी-जतला उरलंसुरलं मिळतं. ताटात काय पडणार हे या उतारानेच ठरवलं आहे.

तेव्हा पहिला घास महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा. क्रीम नको, नुसतं फळ. दुसरा कंदी पेढ्याचा. खवा तांबूस होईपर्यंत भाजल्याने त्यातलं पाणी उडतं, म्हणून तो टिकतो; त्याचा खमंगपणाही त्या भाजण्यातच आहे. तिसरा घास कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याच्या उसळीचा. दिल्लीचा राजमा कौतुकाने खाणाऱ्या आपल्याच मंडळींना हा घेवडा अनेकदा ठाऊक नसतो. चौथा, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि शाळूची भाकरी. इथे वाटाड्याने गप्प बसलं तरी चालेल.

पाचवा घास सांगलीचा. गरम तुपात चिमूटभर हळद, ती मऊ भातावर. खाता खाता हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगावी. तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस असे ते जमिनीतले खड्डे. हवा लागत नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची निकामी झाली. ज्या नदीने वांगी दिली, तिनेच हेही केलं. सहावा घास तासगावकडच्या बेदाण्याचा. सावलीत, जाळ्यांवर पंधरवडाभर सुकवलेली ही द्राक्षं. ऐन तेव्हा अवकाळी पाऊस आला तर वर्षाची कमाई जाते. पावसाची वाट पाहणारा आणि पावसाला भिणारा शेतकरी एकाच जिल्ह्यात राहतो, हे पाहुण्याला त्या चार मण्यांतून कळावं. बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये सांगलीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, तेही जाता जाता सांगावं.

आणि सातवा घास हुलग्याच्या माडग्याचा. माझा सगळा आग्रह याच्यासाठी आहे.

हुलगा कमी पाण्यावर, हलक्या रानात येतो. दुष्काळात माणसालाही तोच आणि बैलालाही तोच. म्हणूनच तो पाहुण्यांपुढे ठेवायची आपल्याला लाज वाटते. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, बाजरी मोठ्या हॉटेलांत जाऊन बसली. हुलगा पडला कडधान्य, त्यामुळे त्या वरातीतही त्याला जागा मिळाली नाही!

‘पर्यटकांना हे आवडणार नाही,’ असं म्हणतात. न आवडो. दोन चमचेच तर द्यायचे आहेत. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, त्या साताऱ्याची ओळख नुसत्या गोड पदार्थांनी कशी पुरी होईल? भूक हीसुद्धा या मातीची चव आहे.

शिवाय यात पाहुण्यांपेक्षा आपलंच हित जास्त आहे. शहरातल्या आपल्या नातवंडांना हुलगा म्हणजे काय हे दाखवावं लागतं. माडगं करता येणाऱ्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. ते हाटताना गुठळी होऊ न देण्याची हातोटी पुस्तकात नाही, त्यांच्या हातात आहे. माणदेशातल्या चार सुनांना जरी सफरीच्या निमित्ताने माडगं करण्याचे रोख पैसे मिळू लागले, तरी त्या सासूजवळ बसून ते शिकून घेतील. मानांकनाचा कागद नाव जपतो. कृती जपायला मात्र कुणीतरी चुलीपाशी बसावं लागतं.

पाहुणा गेल्यावर पेढ्याचा पुडा घरी नेईलच. माडग्याची आठवण नेली, तर तो खरा आपल्याकडे येऊन गेला असं मी म्हणेन.