रिकामा डबा परत करायचा नसतो

तुमच्याही कपाटात तो कप्पा असेलच. सगळ्यात वरचा. सहा कपांचा न उघडलेला सेट, काचेचे दोन बाऊल, कुणाच्या तरी बारशाला मिळालेली फोटोफ्रेम आणि पाच-सात ब्लाउजपीस. कुणाकडे जायचं ठरलं की स्टूल घ्यायचं, कप्पा उघडायचा आणि 'हे त्यांनीच तर दिलं नव्हतं ना?' एवढं आठवून एक वस्तू खाली काढायची. आमच्याकडचा एक ब्लाउजपीस तर इतकी घरं फिरून आलाय की त्याला आता आमचा पत्ता पाठ झाला असेल.

आज तुम्हाला बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या काही दुकानांबद्दल सांगायचंय. तिथून घेतलेली वस्तू सहसा त्या कप्प्यात जात नाही. पण आधी एका स्टीलच्या डब्याची गोष्ट सांगते, कारण त्या डब्यामुळेच मी ही दुकानं नीट पाहिली.

आंटींचा डबा

बाबा गेल्यानंतर आई कोल्हापूरहून माझ्याकडे राहायला आली. पहिल्या संक्रांतीला तिने तिळाच्या वड्या केल्या, देवापुढे ठेवल्या आणि आम्ही दोघींनी खाल्ल्या. हळदीकुंकवाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. कोल्हापुरात दरवर्षी तिचं वाण ठरलेलं असायचं. डिसेंबरपासून ती महाद्वार रोडला चकरा मारायची.

दुसऱ्या संक्रांतीला संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी दारात उभ्या. हातात डबा, डब्यात एळ्ळु-बेल्ला. तीळ, गुळाचे बारीक तुकडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि डाळं यांचं हे मिश्रण कर्नाटकात संक्रांतीला घरोघरी वाटतात. सोबत उसाचं कांडं आणि साच्यात घातलेली साखरेची चित्रं. त्यांना 'सक्करे अच्चु' म्हणतात. देताना जे म्हणतात त्याचा अर्थही आपलाच: तीळगूळ खा आणि चांगलं बोला.

आंटींनी काही विचारलं नाही. मजल्यावरच्या प्रत्येक दाराला डबा देत त्या आल्या होत्या, तसाच आईलाही दिला. आई क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने डबा दोन्ही हातांनी घेतला.

तो डबा घासूनपुसून तीन दिवस आमच्या ओट्यावर होता. "देऊन ये ना," मी म्हटलं. "अगं, रिकामा डबा परत करायचा नसतो," आई म्हणाली. "मग वड्या भर." "वड्या भरीनच गं. पण मजल्यावर आपल्याशिवाय सात घरं आहेत. सगळ्यांनाच काहीतरी द्यावंसं वाटतंय." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "वाण म्हणायचं नाही हं. नुसती भेट."

रथसप्तमीला अजून अवकाश होता. मी लगेच फोन काढला.

'हे बनवलंय कोणी?'

इथे एक कबुली द्यायला हवी. मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजीत बीए केल्यावर पहिल्या नोकरीत मी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या भेटवस्तूंची वर्णनं लिहायचे. 'कुशल कारागिरांनी प्रेमाने घडवलेलं' हे वाक्य मी किती वस्तूंना चिकटवलंय, त्याची मोजदाद नाही. वस्तू मी पाहिलेली नसायची. फोटो यायचा, मापं यायची आणि उरलेलं प्रेम मी भरायचे.

त्या दिवशी आई माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होती. एका ट्रेखाली तसंच वाक्य होतं. तिने साधा प्रश्न विचारला, "हे बनवलंय कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. मग शनिवारी सकाळी आम्ही चालत निघालो.

आधी थोडं इंदिरानगर

इंदिरानगर म्हटलं की बहुतेकांना राहुल द्रविड आठवतो. मराठी घरातला, इंदूरला जन्मलेला, बेंगळुरूत वाढलेला हा शांत माणूस २०२१ च्या एका जाहिरातीत गाडीच्या छतातून बाहेर येऊन 'इंदिरानगरचा गुंडा' म्हणून ओरडला आणि या भागाचं नाव देशभर झालं. प्रत्यक्षात ही मुळात घराघरांची वसाहत. बागा असलेली बैठी घरं, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. हंड्रेड फीट रोडवरच्या अशा कित्येक घरांची पुढे शोरूम आणि हॉटेलं झाली.

सीएमएच रोड म्हणजे इथली जुनी बाजारपेठ. कपडे, दागिने, भांडी सगळं तिथे मिळतं. मेट्रो या रस्त्यावरून नेऊ नका म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी बराच काळ विरोध केला होता. शेवटी मेट्रो आली. शहरातला पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०११ ला सुरू झाला आणि इंदिरानगर स्टेशन त्यातच होतं. आता त्याच मेट्रोने गिऱ्हाईकही येतं. पण भाडी चढत जातात आणि लहान दुकानं मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत सरकतात. म्हणून इथे फिरताना माझा नियम आहे: मोठा रस्ता बघायला, आतली गल्ली घ्यायला.

लाकूड आणि लाख: वर्णम

आम्ही आधी 'वर्णम'मध्ये गेलो. कार्तिक वैद्यनाथन यांनी २०११ मध्ये हा ब्रँड सुरू केला. इथल्या वस्तूंची मूळ कला चन्नपट्टणची. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला साधारण ६० किलोमीटरवर हे गाव आहे आणि तिथल्या लाकडी खेळण्यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्णममध्ये त्याच कलेतून खेळण्यांबरोबर दागिने आणि घरातल्या वापराच्या वस्तूही बनतात.

ही वस्तू कशी बनते ते कळलं की हातात धरायची तऱ्हाच बदलते. यासाठी 'आले मर' नावाच्या झाडाचं पांढरं, मऊ लाकूड वापरतात. आपल्याकडे ते झाड म्हणजे काळा कुडा. लाकूड वाळवून चरकावर फिरवत आकार देतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचं वाळलेलं पान त्यावर घासून चकाकी आणतात. ब्रशचं काम नाही, म्हणून रंगाला सहसा पोपडे येत नाहीत. पिवळ्यासाठी हळद, निळ्यासाठी नीळ असे वनस्पतींचे रंग वापरलेली खेळणी लहान मुलांसाठी जास्त चांगली.

आई एकदम बोलायला लागली. तिचं माहेर सावंतवाडीचं. तिथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि खरी वाटावीत अशी लाकडी फळं मिळायची. लहानपणी एका पाहुण्याने त्यातला आंबा खरंच चावला होता, ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. गंजिफांबद्दलही ती बोलली. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला वाचवली. दशावतारी गंजिफांचा संच १२० पत्त्यांचा असतो. सव्वा वर्ष आई माझ्याकडे होती आणि माहेरचं एवढं कधी बोलली नव्हती. एका लाकडी भोवऱ्याने ते केलं.

चाकाशिवाय घडवलेली भांडी: द अँट्स

'द अँट्स' हे दुकान ईशान्य भारतातल्या हस्तकलेचं आहे. नावाचा संबंध 'द अ‍ॅक्शन नॉर्थईस्ट ट्रस्ट' या संस्थेशी. ती आसामच्या चिरांग जिल्ह्यात काम करते आणि तिथल्या बोडो बायकांचं हातमागाचं काम या दुकानापर्यंत पोहोचतं. बोडो विणकामातली नक्षी भौमितिक आणि रंग ठळक असतात. आपल्या इरकलीच्या शेजारी ठेवली तर दोघी एकमेकींना ओळखतील असं आईचं मत.

इथे लोंगपीची काळी भांडी आवर्जून बघा. मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यातल्या लोंगपी गावात तांगखुल नागा कारागीर एका दगडाची पूड आणि माती मळून ती हाताने घडवतात, कुंभाराचं चाक वापरत नाहीत. भाजून काढलेलं भांडं गरम असतानाच एका झाडाच्या पानांनी घासतात, त्यातून तो काळा तुकतुकीतपणा येतो. हे भांडं गॅसवर ठेवून त्यात आमटी करता येते. म्हणजे शोकेसमध्ये बसायची भेट नाही ही, स्वयंपाकघरात कामाला लागणारी आहे. वजनदार असतं, तेवढं मात्र लक्षात ठेवा. गावी न्यायचं असेल तर कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा.

पुस्तकांचा दंगा: आट्टा गलाट्टा

कन्नडमध्ये 'आट' म्हणजे खेळ आणि 'गलाटे' म्हणजे दंगा, गोंगाट. अशा नावाच्या पुस्तकाच्या दुकानात मुलांना 'हळू बोल' म्हणून दटावायची गरज पडत नसणार. 'आट्टा गलाट्टा' आधी कोरमंगलात होतं, आता इंदिरानगरात आहे. इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतली पुस्तकं ठेवण्यासाठी ते ओळखलं जातं आणि तिथे पुस्तक प्रकाशनं, कवितावाचनं होत असतात.

बेंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी माझी एक सूचना. घरात मराठी, खाली खेळायला कन्नड, शाळेत इंग्रजी अशी त्यांची त्रेधा असते. तुलिकाची दोन भाषांतली पुस्तकं किंवा प्रथम बुक्सचं एकच पुस्तक दोन भाषांत मागवून घ्या. एक प्रत घरी ठेवा, दुसऱ्या भाषेतली शेजारच्या मुलाला द्या. दोघं तीच गोष्ट आपापल्या भाषेत सांगतील.

तुम्ही जाल तेव्हा

शनिवारी-रविवारी संध्याकाळी इथे जाऊ नका. पार्किंग शोधण्यातच उत्साह संपतो. मेट्रोने या आणि सकाळी दुकानं उघडताच या. तेव्हा दाखवणाऱ्यालाही बोलायला सवड असते. निघण्यापूर्वी पत्ता आणि वेळ फोनवर तपासा, कारण इथली लहान दुकानं जागा बदलतात.

दुकानात तीन प्रश्न विचारा. हे कुठे बनलं? कशाचं आहे? बिघडलं तर दुरुस्त होतं का? उत्तर पटकन आलं तर दुकान चांगलं. किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त वाटेल. मग संख्या कमी करा. सहा वस्तूंच्या सेटऐवजी एकच घ्या. आणि घासाघीस करण्याआधी ती वस्तू घडवायला किती वेळ लागला असेल, एवढं मनात मोजून बघा.

एकदम पंधरा-वीस वाणं हवी असतील तर आठवडाभर आधी जाऊन सांगून ठेवा. छोट्या दुकानात एकाच नगाचे वीस बहुधा नसतात. पण सगळ्यांना एकच द्यायला हवं असंही कुठे आहे?

सात घरं

आईने तर सात घरांसाठी सात वेगळ्या वस्तू घेतल्या. एकेका घराचा विचार करत ती उभी राहायची आणि मी घड्याळ बघायचे. बाळ असलेल्या घराला खुळखुळा. कॉलेजच्या मुलींना कानातली. आंटींना लाकडी चमचे, कारण त्यांचा एक चमचा तुटल्याचं हिच्या लक्षात होतं.

शेवटी तिने एक लाखेची गोल डबी उचलली. कुंकवाला चालेल अशी. बराच वेळ हातात धरून तिने ती परत ठेवली. मी काही बोलले नाही. दारापर्यंत गेल्यावर ती मागे फिरली आणि डबी घेऊन आली. "चार नंबरच्या आजींना," ती म्हणाली. "एकट्या असतात. त्यांना कोण देणार वाण? लवंगा-वेलदोडे ठेवतील त्यात."

'वाण' हा शब्द तिच्याच तोंडून आला. माझ्या लक्षात आलं, तिच्या आलं की नाही ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी आई सातही घरी जाऊन आली. आजींनी ती डबी तिच्यासमोरच उघडून त्यात वेलदोडे भरले म्हणे. आंटींचा डबा वड्यांनी भरून गेला आणि चार दिवसांनी चित्रान्नाने भरून परत आला. मग आईने त्यात थालीपीठं दिली. त्याला आता बरेच महिने झाले. तो डबा अजून दोन दारांमध्ये फिरतोय आणि एकदाही रिकामा फिरलेला नाही.

कपाटातला तो ब्लाउजपीस मात्र मी शिवायला टाकलाय. त्याचं फिरणं थांबायला हवं होतं.

तुमच्या शहरात असं एखादं दुकान आहे का, जिथे 'हे कोणी बनवलं' याचं उत्तर मिळतं? मला नक्की कळवा. पुढची संक्रांत वाटते तितकी लांब नसते.