शिबिराचे पैसे भरण्याआधी

योगशिबिराला जायचं मनात आणलंत, फार चांगलं केलंत. पण पैसे भरण्याआधी थोडं थांबा. शेजारच्या काकूंना मानवलेलं शिबिर तुम्हाला मानवेलच असं नाही. त्या टवटवीत होऊन आल्या आणि तुम्ही कंबर धरून परतलात, असं व्हायला नको.

आधी एक कागद घ्या. कशासाठी जायचंय ते एका ओळीत लिहा. पाठ दुखते? झोप लागत नाही? की चार दिवस शांतता हवी आहे? एकच कारण लिहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मग कुठे काय मिळतं ते पाहा. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलं. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो, ते प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा तिथे आहे. सांताक्रूझच्या द योगा इन्स्टिट्यूटची सुरुवात योगेंद्रजींनी १९१८ साली केली. संसारी माणसाला जमेल असा योग शिकवण्यावर त्यांचा भर होता. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्ची यांचा आधार घेतात. शरीर आखडलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

इगतपुरीची विपश्यना मात्र वेगळी. तिथे आसनं शिकवत नाहीत. दहा दिवस मौन असतं, फोन जमा करावा लागतो आणि पहाटे चारला उठावं लागतं. दिवसातले कितीतरी तास बसून ध्यान करायचं असतं. पाठ मोकळी करायला म्हणून तिथे जाऊ नका.

आता तुमच्या तब्येतीचं. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका. रक्तदाब जास्त असेल, हर्निया असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर कपालभाती टाळा. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, त्याने डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर जोर लावून पुढे वाकू नका. शंखप्रक्षालनात भरपूर मिठाचं पाणी पितात. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्यापासून लांब राहावं. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा आधी विचारून घ्या.

‘इथे आलात की गोळ्या सुटतील’ असं कोणी म्हणालं, तर तिथे जाऊच नका. गोळी कमी करायची की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

मग फोन करा. विचारायला लाजू नका. शिकवणार कोण? ते कुठे शिकले? किती वर्षं शिकवताहेत? एका वर्गात माणसं किती? पन्नास जणांत तुमचा वाकडा गुडघा कोणाला दिसणार? खाली बसता येत नसेल तर खुर्ची मिळेल का? शौचालय कमोडचं आहे का? खोली जिना चढून आहे का? जवळ दवाखाना आहे का?

पावसाळ्यात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. लोणावळा, इगतपुरीला पाऊस धो धो पडतो. कपडे वाळत नाहीत, खोलीत ओल येते. दमा किंवा सांधेदुखी असेल तर हिवाळ्यातली तारीख घ्या.

एकट्या जाणाऱ्या मुलींनो, बायांनो, खोलीला आतून कडी आहे का आणि शिकवायला बाई आहेत का, ते विचारा. आसन नीट करून देताना कोणी हात लावलेला नको असेल, तर सरळ ‘नको’ म्हणा. गुरू असले तरी म्हणा. पत्ता आणि फोन नंबर घरी देऊन जा.

पैशांचं आधीच स्पष्ट करा. जेवण, राहणं, उपचार सगळं त्यातच आहे का? जाता आलं नाही तर किती परत मिळतात? पावती घ्या. कर्ज काढून शिबिराला जाऊ नका. पहिल्यांदाच जात असाल तर दोन-तीन दिवसांचं शिबिर पुरे. त्याआधी जवळच्या वर्गाला महिनाभर जाऊन पाहा.

फोन ठेवण्याआधी शेवटचा प्रश्न विचारा. ‘घरी रोज पंधरा मिनिटांत काय करायचं, ते मला लिहून द्याल का?’ शिबिर चार दिवसांचं असतं. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा कुकर लावायचा असतो, डबा भरायचा असतो. त्या धावपळीत बसेल एवढा योग जे तुमच्या हाती देतील, तिथेच नाव नोंदवा.