'लेडीज रेट' कुणी ठरवला?

कोहमाऱ्याच्या चौकातून एक रस्ता गोंदियाकडे वळतो, महामार्ग एका बाजूला नागपूरला आणि दुसऱ्या बाजूला देवरीवरून रायपूरला जातो. पदवी हातात पडली की तुमच्यापैकी बरेच जण इथूनच नोकरीसाठी गाडी पकडणार. बॅगेत मार्कशीट असेल, आधार कार्ड असेल. पण 'या कामाचे मुलींना एवढेच देतो' असं कुणी म्हटलं तर काय बोलायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलेलं नसेल.

खरं तर हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. रोवणीच्या दिवसांत बायांची रोजी वेगळी, गड्यांची वेगळी. विचारलंच तर उत्तर तयार असतं, गड्याचं काम जड. दिवसभर कमरेतून वाकून चिखलात पऱ्हे लावणं हलकं कसं, हे विचारायची पद्धत नाही. हीच सवय पुढे ऑफिसात जाते. तिथे तिला पे-स्केल म्हणतात, एवढंच.

मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. कामाचा प्रकार तोच, पण पुरुष स्टेनोंना पगार जास्त. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतन कायदा, १९७६ खाली फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, या बायका साहेबांच्या खास स्टेनो आहेत, त्यांचा वर्गच वेगळा. शिवाय पगार युनियनशी करार करून ठरलाय. आमची आर्थिक स्थिती बरी नाही, हेही सांगून झालं. सुप्रीम कोर्टाने मार्च १९८७ मध्ये यातलं काहीच मान्य केलं नाही. त्या वर्गात पुरुष नव्हते, कारण तिथे बायकाच नेमल्या जात होत्या. कराराने कायदा मोडता येत नाही, आणि तिजोरीत खडखडाट आहे म्हणून बाईला कमी पगार देता येत नाही. रक्कम किती होती? ७,१९६ रुपये ६७ पैसे! एवढ्यासाठी कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. एकीला दिले की बाकीच्याही मागतील, ही भीती त्यामागे असावी असं आम्हाला वाटतं.

आता हा नियम वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सारख्या कामाला सारखा पगार, आणि नोकरीवर घेतानाही स्त्री-पुरुष भेद नाही. त्यात एक बारीक पण गमतीची तरतूद आहे. समानता आणायची म्हणून मालकाला दुसऱ्याचा पगार कमी करता येत नाही. म्हणजे मुलांनो, मैत्रिणीने हक्क मागितला तर तुमच्या खिशाला कात्री लागणार नाही. तेव्हा तिच्या बाजूने बोलायला हरकत नसावी.

पण कायद्याला भोकंही आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. संविधानातला नोकरीत समान संधीचा हक्क सरकारी नोकरीपुरता आहे. खासगी कंपनीत आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणाले आणि कधीच कळवलं नाही, तर जात हेच कारण होतं हे सिद्ध कसं करणार? दलित किंवा आदिवासी मुलाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा होतो; गुपचूप नाकारलेल्या नोकरीला मात्र थेट उत्तर नाही. खासगी क्षेत्रासाठी भेदभावविरोधी सर्वसमावेशक कायदा हवाच, आणि ती मागणी तुमच्या पिढीने करायला हवी.

तोवर जे हातात आहे ते घट्ट धरा. नेमणूकपत्र मागा, दर महिन्याची पगार-पावती जपा, बदललेली शिफ्ट किंवा कापलेला पगार मेसेजवर का होईना, लेखी विचारा. कमी दिलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पूर्ण पैसे दिले हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असतं. लैंगिक छळाची तक्रार मात्र तीन महिन्यांच्या आत करावी लागते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान दुकान, ढाबा किंवा पेट्रोल पंप असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलाही तो हक्क आहे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? ही अडचण खरी आहे. पण महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात त्याची चौकशी करता येते. फोनवर विचारायचं असेल तर हेल्पलाइन १५१०० आहे. गाडीत बसायच्या आधी नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या, आणि घरी रोवणीला जाणाऱ्या आईलाही द्या.