चित्रकलेचा तास कोणी पळवला?

यंदा वसुबारसेच्या आधीच आमच्या दारासमोर मुलांनी किल्ला केला. दगडविटा रचल्या, वर पोती टाकली, लाल मातीचा चिखल थापला. पहिला बुरूज ढासळला, तेव्हा चिखलात पाणी कमी घातले, दुसरा टिकला. दरवाजा कोणत्या बाजूला हवा, यावर अर्धा तास कडाक्याचे भांडण झाले. उतारावर हळीव पेरले, आणि हिरवे कोंब दिसताच सारी आळी गोळा केली. गुण कोणी देणार नव्हते, प्रमाणपत्रही नव्हते. मला वाटले, या पोरांची खरी शाळा सुटीतच भरते!

कारण सुटी संपली की काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. आमच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेचा असे. म्हणजे वेळापत्रकात असे. प्रत्यक्षात गणिताचे गुरुजी खडू घेऊन आत येत आणि म्हणत, “रंगपेट्या दप्तरात टाका. अभ्यासक्रम मागे पडला आहे.” माझ्या रंगपेटीतल्या वड्या वापरून संपल्या नाहीत, वाळून, तडकून गेल्या. आजही अनेक शाळांत हेच चालते, हे घरोघरची मुले सांगतील. चित्रकलेच्या तासाला गणित शिरते. गणिताच्या तासाला चित्रकला शिरल्याचे कोणी ऐकले आहे काय?

आणि जेथे हा तास होतो, तेथे तरी काय होते? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नदी आणि वाकडे नारळाचे झाड! ज्या मुलाने नदी पाहिली नाही तेही तेच काढते, आणि ज्याच्या घरामागून नदी वाहते तेही तेच काढते. याला चित्रकला म्हणायचे, तर शुद्धलेखनाच्या वहीला साहित्य म्हणावे लागेल.

“पण चित्रे काढून पोट भरते का?” हा पालकांचा ठरलेला प्रश्न. अहो, मुलाला त्रिकोणाचे सिद्धांत पाठ करायला लावताना तो भास्कराचार्य होणार का, असे तुम्ही विचारता काय? मग रंगाच्या पेटीलाच हा जाब का? चित्रकला शिकवायची ती चित्रकार घडवण्यासाठी नव्हे. पानाचा हिरवा आणि पोपटाचा हिरवा वेगळा, हे डोळ्याला कळावे, चुकलेली रेघ आपली आपण सुधारता यावी, यासाठी.

यावर आपल्याकडे उपाय निघाला तो गुणांचा! एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा चांगल्याच आहेत. पण दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुण मिळू लागले आणि घरोघरी ‘कलाप्रेम’ उफाळून आले. गुण पदरात पडले, की ब्रश माळ्यावर! मुलाने यातून काय शिकावे? रंगालाही बाजारभाव असतो, हेच ना?

हे सारे कोणाला ठाऊक नाही असे नाही. रवींद्रनाथांनी 1919 साली शांतिनिकेतनात कलाभवन उभारले. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडावी असेच म्हटले. कागदावरची भिंत पडली. वेळापत्रकातली तशीच उभी आहे. ती सरकार एकटे पाडणार नाही. ती तुम्हांआम्हांलाच पाडावी लागेल.

म्हणून पालकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवून एवढे ऐका. बाजारातला तयार किल्ला आणू नका. पोरांचे हात चिखलात जाऊ द्या. आणि सुटी संपल्यावर शाळेत जाल, तेव्हा गणितात किती गुण पडले हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा, “आमच्या मुलाचा चित्रकलेचा तास कुठे आहे?”

चोरी झाल्याची फिर्याद घरच्या माणसांनीच करायची असते.