‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नेमकं कोण घेत नाही?

मंडळी, आजकाल एक वाक्य फार ऐकू येतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, तहसिलात... "सिस्टीम घेत नाही." जन्मभर मराठी शिकवल्यामुळे वाक्य कानावर पडलं की आधी कर्ता शोधायची मला खोड आहे. इथे कर्ता कोण? सिस्टीम. म्हणजे कुणीच नाही! पुण्या-बंगळुरात संगणकावर पोट भरणारी आपली नातवंडं-भाचरं याच वाक्याचा शिकलेला अवतार वापरतात : "बिल्ड स्क्रिप्ट अनपेक्षित वागली." माझं भांडण आहे ते या ‘अनपेक्षित’ शब्दाशी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअर शेकडो फायलींत लिहिलेलं असतं. त्या फायली यंत्राच्या भाषेत आणून, क्रमाने जोडून चालता प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. रोज हाताने कोण करणार? म्हणून आज्ञांची यादी एकदाच लिहून ठेवायची. ती झाली स्क्रिप्ट. यंत्र ती वाचतं आणि पाळतं. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्याला कळत नाही, त्याने काय लिहिलं तेवढंच कळतं. या दोहोंत किती अंतर असतं ते पेपर तपासणाऱ्या कुठल्याही मास्तरला विचारा.

या कामाचं ‘मेक’ नावाचं जुनं साधन आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ते केलं. कारण मजेशीर. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल नव्याने यंत्राच्या भाषेत आणायची राहिली. जी चूक उरलीच नव्हती ती शोधण्यात त्याची सकाळ गेली. म्हणून मेक फायलींच्या वेळा ताडून बघतं, आणि जी बदलली तेवढीच पुन्हा करतं.

आता या मेकच्या ‘लहरी’ ऐका. नातवाने दाखवल्या, मी वहीत उतरवून घेतल्या. पहिल्या ओळीत लिहिलं, "माळवदावर जा." दुसऱ्या ओळीत, "इथला कचरा लोट." कचरा माळवदावर तसाच, आणि ढाळज मात्र लख्ख! का? तर मेक प्रत्येक ओळीला नवा गडी लावतं. दुसरा गडी माळवदावर गेलेलाच नसतो. दोन्ही आज्ञा एका ओळीत जोडून दिल्या की काम बिनबोभाट होतं.

दुसरी लहर. ‘क्लीन’ म्हणजे जुनं तयार झालेलं पुसून टाकायचं काम. पण त्याच जागी ‘क्लीन’ नावाची एखादी फाइल चुकून पडलेली असली, की मेक म्हणतं, काम झालेलंच आहे. त्याच्या लेखी कामाचं नाव म्हणजे तयार करायच्या फाइलचं नाव. हजेरीपटावर नाव दिसतंय ना, मग पोरगं हजर! हे नुसतं कामाचं नाव आहे, फाइल नव्हे, असं त्याला वेगळं सांगावं लागतं.

यात अनपेक्षित काय आहे? नियम लिहिलेले आहेत, वाचलेले नाहीत.

बरं, दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असंही नाही. मेकमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि काम अडतं. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर माणसं ते साधन वापरू लागली होती, त्यांची गैरसोय नको म्हणून ती तशीच ठेवली. त्या डझनभरांची सोय आज जगभरचे लोक सोसताहेत. इथेही निर्णय माणसाचाच ना?

आणि २०१५च्या जानेवारीतली गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. लिनक्सवर चालणाऱ्या ‘स्टीम’ या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये एक आज्ञा होती : "अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक." त्या फोल्डरचा पत्ता सापडला नाही तर? ‘गाळलेल्या जागा भरा’मधली जागा रिकामीच राहिली, आणि आज्ञेचा अर्थ झाला, "सगळं पुसून टाक." एका माणसाच्या, पुसता येतील तेवढ्या सगळ्या फायली गेल्या. कहर म्हणजे ‘हे भयंकर आहे’ अशा अर्थाचा शेरा लिहिणाऱ्यानेच त्या ओळीपाशी मारून ठेवला होता! शेरा मारायला वेळ होता. जागा रिकामी असेल तर थांब, एवढं लिहायला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला लोहाऱ्यात बसून याचं काय पडलंय? पडलंय. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन घेतले. याद्या आल्या तर एकेका आधार क्रमांकावर अनेक शेतकरी! याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. ती काही बिल्ड स्क्रिप्ट नव्हे, पण कुळ तेच. एक क्रमांक दोघांना लागला तर पुढे जाऊ नकोस, हे सांगायचं काम माणसाचं होतं. तिकडे पुण्यात बिल्ड अडलं तर पोरं चहाला जातात. इकडे यादी अडली की पेरणी थांबत नाही, सावकार थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. चूक होताच थांबेल आणि कुठल्या ओळीवर थांबलो ते सांगेल अशी स्क्रिप्ट लिहा. दुसऱ्याची असेल तर चालवण्याआधी वाचा. वेळ नाही म्हणता? मग रात्री दोन वाजता चूक शोधायला तो कुठून येतो?

असो. पोरांनी रागावू नये. पण "पुन्हा चालवली, झालं आपोआप," असं कुणी फोनवर म्हणालं, तर मी विचारणारच : मग पहिल्यांदा का झालं नव्हतं?